कारखान्यामुळे बिघडलेलं भूजल : तपासणी आणि शुद्धीकरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न (ठाणे-बेलापूर पट्टा आणि तळोजा)

दिघ्यापासून नेरूळपर्यंतचा टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा, तळोजा एमआयडीसी आणि वागळे इस्टेट या भागांतले कारखान्यांचे देखभाल अधिकारी, सोसायट्यांचे सेक्रेटरी, गावठाणातले विहीरमालक आणि जुने प्लॉट विकत घेणारे यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. एमआयडीसी आणि महापालिकेचं पाणी बारवी, मोरबे यांसारख्या धरणांतून येतं, म्हणून भूजलाकडे फारसं कोणी बघत नाही. पण बाग, बांधकाम, टँकर, गाड्या धुणं आणि उन्हाळ्यात काही ठिकाणी घरचा वापरही बोअरवरच चालतो.

बोअरच्या पाण्याला रंग आला आहे. हे कारखान्याचंच ना?

लगेच तसं धरून चालू नका. पाणी बादलीत रात्रभर ठेवा. सकाळी तळाला गंजासारखा गाळ बसून वरचं पाणी निवळलं असेल तर ते बहुधा लोखंड आहे. जुनं केसिंग (बोअरच्या आतला आधाराचा पाइप) गंजलेलं असतं, किंवा जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू संपलेला असतो. काळपट पाणी आणि सडक्या अंड्यांचा वास असेल तर आधी गटाराची फुटलेली लाइन किंवा खाजणातला चिखल आठवावा.

रात्रभर ठेवूनही पाणी जसंच्या तसं पिवळं राहिलं, गढूळपणा अजिबात नाही, लिंबू सरबतासारखा स्वच्छ पिवळा रंग आहे, तर मात्र क्रोमियम-सहाचा, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाचा संशय घ्या. जवळपास प्लेटिंग, रंगद्रव्यं किंवा चामड्याचं काम चालत असेल तर जास्तच. डायफिनाइल कार्बाझाइडचं साधं फील्ड किट मिळतं. १० मिली पाण्यात पुडी टाकली की, क्रोमियम-सहा असेल तर, काही मिनिटांत जांभळट गुलाबी रंग येतो. तो आला की पाणी वापरणं थांबवा आणि लॅबला फोन करा.

आणि उलटही खरं आहे. सगळ्यात चिवट प्रदूषकांना रंग नसतो. यंत्रांचे भाग धुवायला वापरलं जाणारं ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई, पाण्यात काचेसारखं स्वच्छ दिसतं. पाणी स्वच्छ दिसतं म्हणजे ते स्वच्छ आहे, असा अर्थ होत नाही. वास घेऊन ठरवायला बाटलीत नाक घालू नका, ही विनोदाची गोष्ट नाही.

कारखान्याला लागून असलेल्या विहिरीचं पाणी चांगलं, आणि पाव किलोमीटरवरची आमची विहीर बिघडली. असं कसं?

या भागात हेच नेहमी घडतं, आणि याचं कारण खडकात आहे. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे. वरून खाली गेलं तर आधी भराव किंवा माती, मग मुरूम, मग भेगाळलेला कातळ, मग अखंड काळा पत्थर, अधूनमधून लाल मातीचा थर, त्याखाली फुगे असलेला सच्छिद्र पत्थर. अखंड पत्थरात पाणी जवळपास जातच नाही. पाणी असतं ते मुरमात, भेगांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यात. भेग जिकडे जाते तिकडे पाणी जातं, आणि त्याबरोबर त्यातली घाणही.

त्यात डाइक असतात, म्हणजे जुन्या लाव्हाच्या उभ्या भिंती. कोकणपट्टीत त्या पुष्कळ आहेत आणि साधारण उत्तर-दक्षिण धावतात. काही डाइक पाणी अडवतात. काहींच्या कडेची भेगाळलेली पट्टी पाणी लांबवर वाहून नेते. मग कारखान्याच्या भिंतीलगतची विहीर ठणठणीत चांगली आणि डाइकच्या रेषेवरची लांबची विहीर बाद, हे चित्र तयार होतं. म्हणून अंतर मोजून दोषी ठरवू नये, आणि निर्दोषही ठरवू नये.

टीटीसीत उथळ पाण्याचा ढोबळ कल पारसिकच्या डोंगराकडून ठाण्याच्या खाडीकडे, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे असतो. पण हा अंदाज आहे. तुमच्या प्लॉटवर तो मोजूनच घ्यायचा. शेजारी दिवसरात्र चालणारा एक मोठा बोअर हा कल उलटा फिरवू शकतो.

पाणी खारट लागतंय, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) लिटरला ४,००० मिलिग्रॅम आला आहे. प्रदूषण का?

खाडीपासून जवळ असाल तर आधी खाडीचा हिशेब करा. समुद्राच्या पाण्याची एक ठरलेली ठेवण असते. क्लोराइडच्या वजनाच्या सुमारे ०.५६ पट सोडियम, सुमारे ०.१४ पट सल्फेट, आणि क्लोराइड भागिले ब्रोमाइड हे गुणोत्तर २९० च्या आसपास. कितीही गोड्या पाण्यात मिसळलं तरी हे प्रमाण ढोबळमानाने टिकतं.

समजा तुमच्या नमुन्यात क्लोराइड १,९०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. खाडीचं पाणी असेल तर ब्रोमाइड साधारण ६.५ आणि सल्फेट २७० च्या आसपास हवं. ब्रोमाइड १ च्या आत आलं तर क्लोराइड दुसरीकडून आलंय. सॉफ्टनर धुण्याचं मिठाचं पाणी किंवा निष्क्रिय केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड ही नेहमीची दोन कारणं. सल्फेट १,५०० आलं तर सल्फ्युरिक ॲसिडचा किंवा ईटीपीचा, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा माग काढा. सोडियम थोडं इकडेतिकडे होतं, कारण खाडीची चिकणमाती ते धरते आणि सोडते. त्यामुळे एकट्या सोडियमवरून निकाल देऊ नका.

नेहमीच्या पॅकेजात ब्रोमाइड नसतं. आयन क्रोमॅटोग्राफीने करून द्या, असं लॅबला वेगळं सांगावं लागतं. खर्च थोडा, आणि खारट पाण्याच्या निम्म्या भांडणांचा निकाल या एका आकड्यावर लागतो.

तपासणीची सुरुवात कुठून? थेट बोअर मारू का?

नका. पहिले दोन आठवडे कागदांवर घालवा. प्लॉट कोणकोणाकडे होता, काय बनत होतं, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात कोणती उत्पादनं आणि कोणता घातक कचरा नोंदवलेला आहे, इमारतीच्या जुन्या नकाशावर जमिनीखालच्या टाक्या कुठे आहेत, ड्रमयार्ड कुठे होतं, ईटीपी आधी कुठे होतं. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ ची. एवढ्या जुन्या प्लॉटवर एकावर एक चार उद्योगांचे थर सापडू शकतात. जुन्या उपग्रह छायाचित्रांत उघड्यावर ठेवलेले ड्रम आणि डबकी ओळखू येतात.

जुन्या माणसांना विचारा. निवृत्त ऑपरेटर, माळी, सिक्युरिटीवाला. ‘त्या कोपऱ्यात गवत कधी उगवायचंच नाही’ हे वाक्य कुठल्याही फाइलमध्ये नसतं.

मग साइटवर फिरून पाहा. गळतीची नेहमीची ठिकाणं ठरलेली आहेत. ॲसिडच्या टाकीखालची तडकलेली विटांची लायनिंग, प्रोसेसच्या गटाराचे सांधे, ईटीपीच्या न्यूट्रलायझेशन टाकीचा तळ, टँकर रिकामा करण्याची जागा, आणि जमिनीत गाडलेल्या सॉल्व्हंट टाकीचा भरण्याचा पाइप. टाक्यांचा तपशील घेताना किती आली, किती वापरली, किती उरली याचा सहा महिन्यांचा मेळ लावा. गळती बहुतेकदा या बेरीज-वजाबाकीत आधी दिसते आणि बोअरमध्ये नंतर.

निरीक्षण विहिरी किती आणि कुठे?

प्रवाहाची दिशा काढायला कमीत कमी तीन, एका रेषेत नसलेल्या. दोनमधून फक्त उतार आहे एवढं कळतं, दिशा कळत नाही. लहान प्लॉटवर पाच ही कामाची संख्या आहे. एक प्रवाहाच्या वरच्या अंगाला, एक संशयित जागेलगत, दोन खालच्या हद्दीवर आणि एक त्याच जागी पण खोल. वरच्या अंगाची विहीर वाचवायला जाऊ नका. घाण शेजाऱ्याकडून येते की तुमच्याकडून जाते, हे तिच्याशिवाय सिद्ध होत नाही.

प्रत्येक केसिंगच्या काठाची उंची ऑटोलेव्हलने मिलिमीटरपर्यंत घ्या. इथला उतार कमी असतो. पाच सेंटिमीटरची चूक बाण उलटा दाखवते.

खाडीजवळ आणखी एक भानगड आहे. भरती-ओहोटीबरोबर विहिरींची पातळी वरखाली होते. एक विहीर सकाळी आणि दुसरी दुपारी मोजली तर काढलेली दिशा कचऱ्यात टाकायच्या लायकीची. प्रेशर लॉगर (पातळी आपोआप नोंदवणारं यंत्र) किमान ७२ तास, दर १५ मिनिटांनी नोंद ठेवून लावा आणि सरासरी वापरा. उधाणाचे दिवस टाळा.

नेहमीचा बोअरवाला चालेल का?

रिग चालेल, नेहमीची पद्धत चालणार नाही. आपल्याकडचा पाण्याचा बोअर म्हणजे वर मुरमापुरतं केसिंग आणि खाली ६० ते १०० मीटर उघडं भोक. निरीक्षणासाठी हे घातक आहे. वरच्या थरातलं घाण पाणी त्याच भोकातून खालच्या स्वच्छ थरात उतरतं. तपासणीच्या नादात प्रदूषण खोल नेणारे बोअर या पट्ट्यात आहेत.

हवी ती रचना अशी. १५० ते १६५ मिलिमीटरचं भोक, ठरलेल्या थरापर्यंतच. आत ५० किंवा १०० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, त्याचा खालचा ३ मीटरचा भाग अर्ध्या मिलिमीटरच्या खाचांचा. खाचांच्या भोवती धुतलेली २ ते ४ मिलिमीटरची गिट्टी, खाचांच्या वर किमान ६० सेंटिमीटरपर्यंत. त्यावर बेंटोनाइटच्या (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीच्या) गोळ्यांचा ६० सेंटिमीटर ते १ मीटरचा बूच. गोळ्या ओल्या करून फुगायला वेळ द्यायचा. मग जमिनीपर्यंत सिमेंट ग्राऊट (सिमेंटचं पातळ मिश्रण), नळीने तळापासून भरत वर आणलेलं. शेवटी काँक्रीटचं जोतं आणि कुलूप असलेलं झाकण. जोतं पावसाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा. जुलैमध्ये साचलेलं पाणी आत गेलं की विहीर फुकट जाते.

दोन चुका वारंवार होतात. पहिली, पाइप जोडायला सॉल्व्हंट सिमेंट लावणं. त्यातलं टेट्राहायड्रोफ्युरान आणि मिथाइल इथाइल कीटोन पुढे काही महिने रिपोर्टात दिसत राहतं, आणि तुमच्याच डिंकाचं प्रदूषण शोधत तुम्ही हिंडता. आट्यांचेच पाइप घ्या. दुसरी, डीटीएच हॅमरच्या (हवेच्या दाबाने खडक फोडणाऱ्या हातोड्याच्या) कंप्रेसरची हवा. त्यातून तेल येतं, आणि हवेच्या झोताने उडनशील रसायनं निघून जातात. तेलगाळणी लावा, आणि विहीर झाल्यावर पाणी निवळेपर्यंत उपसून किमान एक-दोन आठवडे थांबून मगच नमुना घ्या.

ड्रिलरने सांगितलेली खोलीनिहाय नोंद जागच्या जागी लिहा, आणि दर मीटरची चुरी पिशवीत ठेवा. संध्याकाळी चहा पिताना लिहिलेली नोंद हमखास चुकते.

नमुना कसा घ्यायचा?

गच्चीवरच्या टाकीतून नाही. नळातूनही नाही. टाकीत हवा लागते, क्लोरीन पडतं, पाइपचं लोखंड मिसळतं.

जुनी पद्धत म्हणजे विहिरीतल्या पाण्याच्या तिप्पट उपसा करून मग बाटली भरणं. हिशेब करा. १५० मिलिमीटरच्या बोअरमध्ये दर मीटरला सुमारे १७.७ लिटर पाणी असतं. ६० मीटर खोल बोअर, पाणी ८ मीटरवर, म्हणजे ५२ मीटरचा खांब, ९२० लिटर. तिप्पट म्हणजे पावणेतीन हजार लिटर. प्रदूषित असलं तर एवढं पाणी ओतणार कुठे? म्हणून आता मंद उपसा करतात. खाचांच्या मध्यावर छोटा पंप, मिनिटाला १०० ते ५०० मिली, आणि पातळी जवळपास न हलवता. दर पाच मिनिटांनी पीएच, विद्युतवाहकता, प्राणवायू आणि ओआरपी (ऑक्सिडीकरण-क्षपणाची पातळी) लिहीत जा. सलग तीन नोंदींत पीएच ०.१ च्या आत, वाहकता ३ टक्क्यांच्या आत, ओआरपी १० मिलिव्होल्टच्या आत आलं की पाणी ताजं आहे. तेव्हा बाटली.

उडनशील रसायनांसाठी ४० मिलीची काचेची बाटली. पाणी काठावर फुगून येईपर्यंत हळू भरा, झाकण लावा, उलटी करून टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर ती बाटली बाद, दुसरी भरा. त्याच बुडबुड्यात टीसीई जाऊन बसतं. जतनासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड, पीएच २ च्या खाली, आणि ४ अंश तापमान. १४ दिवसांत चाचणी व्हायला हवी. धातूंसाठी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जागेवरच गाळून नायट्रिक ॲसिड. लॅबमध्ये जाऊन गाळणं उपयोगाचं नाही, कारण वाटेत लोखंडाचा गाळ बसतो आणि क्रोमियम-शिसं त्याला चिकटून फिल्टरवर राहतं. क्रोमियम-सहासाठी ॲसिड नको, फक्त थंड, आणि २४ तासांच्या आत. शुक्रवारी संध्याकाळी घेतलेला क्रोमियमचा नमुना सोमवारी तपासला तर तो आकडा कशालाच धरू नका. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. बाटलीत जे टिकलं नाही, ते जगातलं सगळ्यात महाग यंत्रही दाखवणार नाही.

दर दहा नमुन्यांमागे एक दुबार नमुना आणि प्रत्येक बर्फाच्या पेटीत शुद्ध पाण्याची एक कोरी बाटली ठेवा. कोऱ्या बाटलीत टोल्युइन निघालं तर पेटी पेट्रोलच्या कॅनशेजारी ठेवून आणली, हे समजा.

लॅबने ‘पिण्यास योग्य’ लिहून दिलं आहे. मग?

कोणत्या गोष्टी तपासल्या ते बघा. पीएच, टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, कॉलिफॉर्म अशा यादीवर दिलेला शेरा सॉल्व्हंटबद्दल एक अक्षर बोलत नाही. यादी प्लॉटच्या इतिहासावरून ठरवायची. प्लेटिंग असेल तर क्रोमियम, निकेल, सायनाइड. डिग्रीझिंग (यंत्रभागांवरचं तेल-ग्रीस काढणं) असेल तर क्लोरीनयुक्त उडनशील द्रव्यं. रंग किंवा औषधनिर्मिती असेल तर बेंझीन-टोल्युइन गट, फिनॉल, अमोनिया, सीओडी (पाण्यातली रसायनं प्राणवायू किती खातात याचं माप).

‘बीडीएल’ (शोधमर्यादेच्या खाली) लिहिलं असेल तर शोधमर्यादा विचारा. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे एकूण क्रोमियमची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम प्रति लिटर, शिशाची ०.०१, कॅडमियमची ०.००३, पाऱ्याची ०.००१. लॅबचं यंत्र ०.१ च्या खाली पाहू शकत नसेल तर त्या ‘बीडीएल’ला अर्थ नाही. हा आकडा रिपोर्टात न देणाऱ्या लॅबला दुसऱ्यांदा काम देऊ नये, असं आमचं मत आहे.

घाण किती वेगाने पुढे सरकते?

ढोबळ गणित सोपं आहे. पाझरक्षमता गुणिले उतार भागिले परिणामकारक सच्छिद्रता (ज्या पोकळीतून पाणी खरोखर वाहतं, तिचा वाटा). मुरमाची पाझरक्षमता दिवसाला १ मीटर, उतार शंभरात एक, सच्छिद्रता २ टक्के धरली तर वेग दिवसाला अर्धा मीटर, वर्षाला १८० मीटर. पुस्तकातून वाळूची २० टक्के सच्छिद्रता उचलली तर हाच वेग वर्षाला १८ मीटर निघतो. दहापट फरक. ‘घाण हद्दीपर्यंत पोहोचायला अजून दहा वर्षं आहेत’ असं सांगणारा अहवाल हातात आला तर आधी सच्छिद्रतेचा आकडा शोधा.

पावसाळ्यानंतर रिपोर्ट चांगला आला. प्रश्न मिटला का?

नाही. चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडला की उथळ पाणी पातळ होतं. पण पाण्याची पातळी वर चढते तेव्हा उन्हाळ्यात कोरड्या राहिलेल्या मुरमाला चिकटलेलं डिझेल किंवा क्रोमियम ती पुन्हा विरघळवते, त्यामुळे काही विहिरींत ऑक्टोबरचा आकडा मेपेक्षा मोठा येतो. कोणत्या विहिरीत काय होतं हे ठरलेलं नाही. म्हणून एकाच ऋतूतल्या रिपोर्टवर निकाल नको. मे आणि ऑक्टोबर हे दोन महिने तरी हवेतच, पहिल्या वर्षी चार वेळा घेतलेलं बरं.

साफ करायचं तर सुरुवात कशाने?

मूळ बंद करण्याने. गळणारी टाकी, फुटलेलं गटार, स्लजचा खड्डा. हे चालू ठेवून हद्दीवर पंप लावणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मातीतला दूषित गोळा खोदून काढता येत असेल तर तो काढणं बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त पडतं, जरी पहिल्या दिवशी तसं वाटत नसलं तरी.

क्रोमियम-सहा असेल तर?

त्याला क्रोमियम-तीन करायचं. क्रोमियम-सहा पाण्याबरोबर धावतं, तीन मात्र साध्या पीएचला हायड्रॉक्साइड होऊन बसतं. जमिनीवर उपसलेल्या पाण्यासाठी ईटीपीतली नेहमीची पद्धत म्हणजे पीएच २ ते ३ वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइट, मग चुन्याने ८ ते ८.५. सौम्य प्रदूषणासाठी फेरस सल्फेट बरं, कारण ते साध्या पीएचलाही चालतं.

मात्रा काढून दाखवतो. पाण्यात क्रोमियम-सहा १० मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे एका घनमीटरमध्ये १० ग्रॅम. एका ग्रॅम क्रोमियमला बाजारी, स्फटिकजलाचं फेरस सल्फेट १६ ग्रॅम लागतं, म्हणून घनमीटरला १६० ग्रॅम. कागदावर. प्रत्यक्षात पाण्यात ५ मिलिग्रॅम प्राणवायू असला तर तोच घनमीटरमागे सुमारे ३५ ग्रॅम लोखंड खातो, आणि क्रोमियमला हवं असतं ३२ ग्रॅम. अर्धं औषध प्राणवायूच गिळतो. म्हणून दुपटीने सुरुवात करून जार टेस्टवर, म्हणजे भांड्यांत वेगवेगळ्या मात्रा टाकून केलेल्या चाचणीवर ठरवा. गाळही मोजा. दर ग्रॅम क्रोमियममागे कोरडा गाळ ८ ग्रॅमच्या वर, आणि फिल्टर प्रेसमधून निघताना त्यात पाणी असतंच, तेव्हा वजन आणखी काही पट.

जमिनीखाली सोडायचं असेल तर फेरस बोअरच्या तोंडाशीच गंजून भेगा बुजवतं. तिथे कॅल्शियम पॉलिसल्फाइड किंवा काकवी वापरतात. काकवी जिवाणूंना खाऊ घालते, ते प्राणवायू संपवतात आणि क्रोमियम आपोआप खाली बसतं. स्वस्त आहे, पण जास्त झाली तर पाणी काळं, वासट आणि मँगनीज-लोखंडाने भरलेलं होतं. आधी एका विहिरीवर प्रयोग, तीन महिने निरीक्षण, मग पुढे.

आणि टीसीईसारखं सॉल्व्हंट?

हे पाण्यापेक्षा जड, घनता १.४६. ते पाण्यावर तरंगत नाही, भेगांतून खाली उतरत जातं आणि कुठल्याशा लाल थरावर डबक्यासारखं बसतं. एक लिटर टीसीई म्हणजे १.४६ किलो. अमेरिकेच्या पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम. त्या हिशेबाने एक लिटर टीसीई सुमारे २९ कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत बिघडवू शकतं. ड्रम कलंडला तर काय होतं, ते यावरून कळावं.

लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आकडा आला तर जवळपास शुद्ध द्रव बसलेला आहे असं समजून काम करा, आणि त्या जागी खोल बोअर मारू नका. पारमँगनेट सोडून ते जाळता येतं. एका ग्रॅम टीसीईला २.४ ग्रॅम पोटॅशियम पारमँगनेट लागतं, पण माती आणि सेंद्रिय पदार्थ त्याहून कितीतरी जास्त खातात. ते आधी लॅबमध्ये मोजा. पाणीपातळीच्या वरच्या मुरमात बाष्पउपसा, म्हणजे रसायनाची वाफ पंपाने ओढून घेणं चालतं. जिवाणूंचा मार्गही आहे, पण तो अर्ध्यावर अडकला तर टीसीईचं व्हिनाइल क्लोराइड होतं, आणि ते मूळ रसायनापेक्षा वाईट आहे.

ज्या जागी सॉल्व्हंट आणि क्रोमियम दोन्ही आहे तिथे पारमँगनेट किंवा परसल्फेट टाकण्याआधी दहादा विचार करा. मातीत निवांत बसलेलं क्रोमियम-तीन त्याने पुन्हा क्रोमियम-सहा होतं.

नुसता पंप लावून उपसत राहिलं तर कधी संपेल?

हद्दीबाहेर घाण जाऊ न देणं, एवढं काम पंप छान करतो. साफ करण्याच्या कामात तो कच्चा आहे. पहिल्या वर्षी आकडे झपाट्याने उतरतात, मग एका पातळीवर अडकतात. पंप बंद केला की पुन्हा चढतात, कारण मुरमाच्या आणि चिकणमातीच्या अंगात मुरलेलं रसायन हळूहळू बाहेर येत राहतं. दहा-वीस वर्षांची तयारी ठेवून पंप लावावा. खाडीजवळ जास्त उपसलं तर खारं पाणी ओढून घ्याल, तेव्हा वाहकता रोज बघा.

उपसलेलं पाणी आणि खोदलेली माती कुठे टाकायची?

पावसाळी नाल्यात नाही, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर नाही, ‘टँकरवाला बघेल’ हे तर मुळीच नाही. पाणी स्वतःच्या ईटीपीत घेऊन संमतीपत्राच्या मर्यादेत आणायचं आणि लेखी परवानगीने सामूहिक प्रक्रिया केंद्राला द्यायचं. सॉल्व्हंट मात्र आधी काढा. केंद्राच्या एअरेशन टाकीत ते नष्ट होत नाही, हवेत उडून जातं. कार्बन फिल्टर दोन ठेवा, एकामागे एक. पहिल्यातून रसायन निसटलं की दुसरा पुढे, नवा मागे.

माती आणि गाळ घातक कचऱ्यात आला तर २०१६ च्या नियमांप्रमाणे साठवण ९० दिवस, नमुना १० चं मॅनिफेस्ट (कचरा वाहतुकीची नोंदपावती), आणि अधिकृत सुविधेत विल्हेवाट. खोदाई फेब्रुवारी ते मे या काळात बसवा. जूनमध्ये उघडा पडलेला खड्डा म्हणजे नवं प्रदूषण.

पाणी उकळून किंवा आरओ लावून वापरू का?

उकळल्याने धातू जास्त तीव्र होतात आणि सॉल्व्हंट स्वयंपाकघराच्या हवेत जातं. घरगुती आरओ धातू बरेच अडवतं, उडनशील द्रव्यांवर भरवसा नाही. महापालिकेच्या किंवा एमआयडीसीच्या नळाचं पाणी घ्या, आणि अंघोळीलाही तेच.

जुन्या केमिकल कंपनीचा प्लॉट घेतोय, तिथे डेटा सेंटर उभं करायचं आहे. काय बघू?

महापे-ऐरोलीकडे हा प्रश्न आता सगळ्यात जास्त येतो. करार करण्याआधी वर सांगितलेला कागदोपत्री इतिहास आणि किमान तीन विहिरी. दोन गोष्टी खास. तळघरासाठी दोन-तीन मजले खोल खोदून पाणी उपसायला लागलात की शेजाऱ्याच्या प्लॉटखालची घाण तुमच्या खड्ड्याकडे वळते, आणि मग उपसलेलं पाणी तुमचं होतं, कायद्यानेही. दुसरं, सॉल्व्हंट असलेल्या जमिनीची वाफ फरशीच्या भेगांतून तळघरात शिरते. माती-वायूची चाचणी जमीन मोकळी असतानाच करून घ्या.

तक्रार कोणाकडे, आणि खर्च कोणाचा?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार, सोबत रिपोर्ट, विहिरीचं ठिकाण आणि तारखा. १९७४ च्या जल कायद्यात ‘प्रवाह’ या व्याख्येत जमिनीखालचं पाणीही येतं, त्यामुळे ‘आम्ही नदीत सोडलं नाही’ हा बचाव चालत नाही. तुमचा खासगी रिपोर्ट तक्रारीला आधार देतो, पण त्या कायद्याखालच्या कारवाईसाठी मंडळाने कलम २१ प्रमाणे, नोटीस देऊन, सीलबंद घेतलेला नमुना लागतो. पाणीपातळीच्या जुन्या नोंदी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे मागता येतात.

प्रदूषण करणाऱ्याने भरायचं, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये उदयपूरजवळच्या बिछडी गावाच्या प्रकरणात ठामपणे लावलं. तिथे एच-ॲसिडच्या (रंग बनवायला लागणाऱ्या रसायनाच्या) कारखान्यांच्या गाळाने विहिरींचं पाणी नासलं होतं. नुकसानभरपाईसाठी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय पीठाकडे जाता येतं, कारण घडल्यापासून पाच वर्षांच्या आत. २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम आणले. त्यांत संशयित जागांची सहामाही यादी जिल्हा प्रशासनाने द्यायची, ९० दिवसांत प्राथमिक पाहणी आणि त्यानंतर सविस्तर तपासणी, अशी साखळी आहे. म्हणून तक्रारीची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांनाही पाठवा.

बिघडलेला बोअर बुजवून टाकू का?

आधी नमुना आणि पातळी घ्या, पुरावा बुजवू नका. मग बुजवायचा तर नीट. वरून दगडमाती ढकलली तर मध्ये पोकळी राहते आणि घाण खाली उतरतच राहते. पंप आणि पाइप काढा, खोली मोजा, आणि पाच टक्के बेंटोनाइट मिसळलेलं सिमेंट ग्राऊट नळीने तळापासून वर भरत आणा. १५० मिलिमीटरच्या ६० मीटर बोअरला गणिताने सुमारे १,०६० लिटर ग्राऊट लागतं. भेगांत जातं ते धरून दीडपट तयार ठेवा. दुसऱ्या दिवशी ग्राऊट एक-दोन मीटर खाली बसलेलं दिसेल, ते पुन्हा काठोकाठ भरा.